किसो ते गोकायामा: जपानच्या डोंगरगावांतून आठ दिवस, टप्प्याटप्प्याने

जपानच्या खेड्यात संध्याकाळी सहाला जेवण वाढतात आणि शेवटची बस बहुधा त्याच्याही आधी निघून गेलेली असते. या दोन गोष्टी एकदा डोक्यात बसल्या की ग्रामीण जपानचा अर्धा बेत आखून झाला. टोकियोच्या सवयीनं ‘गेल्यावर बघू’ म्हणत निघालेला माणूस दुपारी चारला डोंगरातल्या एखाद्या गावात अडकतो. दुकानांची दारं ओढलेली, थांब्यावर सामसूम, आणि आयत्या वेळी खोली मिळेल असं हॉटेल जवळपास नाही. मुक्काम आधी ठरवून गेलेल्यांची मजा मात्र चारनंतरच सुरू होते. सहलीच्या बसगाड्या परत गेलेल्या असतात आणि रस्ता गावकऱ्यांचा आणि तुमचा.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी मुक्काम, मग बसची वेळ, आणि काय बघायचं ते शेवटी. खालचा मार्ग त्याच हिशेबानं आखलाय. नागोया, मागोमे, त्सुमागो, नाराई, मात्सुमोतो, ताकायामा, शिराकावा-गो, गोकायामा आणि कानाझावा. यात एकदाही मागं फिरावं लागत नाही, गाडी भाड्यानं घ्यावी लागत नाही, आणि टोकियोहून निघून टोकियोलाच परत येता येतं.

पहिली पायरी: महिना

दिवाळीच्या सुट्टीत जमत असेल तर दुसरा विचार करू नका. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध या काळात या डोंगरांत पानं लाल-पिवळी होतात, हवा कोरडी असते आणि चेस्टनटचा हंगाम असतो. चेरीच्या फुलांसाठी जाणारे मार्चअखेरच्या तारखा धरतात, पण त्या टोकियोच्या. ताकायामात फुलं एप्रिलच्या मध्यानंतर येतात. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर २९ एप्रिल ते ५ मे हा आठवडा टाळा. तेव्हा अख्खा जपान सुट्टीवर असतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पितरांच्या सणाला तशीच गर्दी उसळते. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो. हिवाळ्यात शिराकावा-गो बर्फाखाली सुंदर दिसतं, पण तेव्हा किसोच्या खोऱ्यातली पायवाट निसरडी असते आणि वाटेवरच्या सोयीही बंद असतात.

ताकायामाच्या रथयात्रा १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला असतात. त्या बघायच्या असतील तर कित्येक महिने आधी खोली घ्या. बघायच्या नसतील तर त्या तारखांना तिकडे फिरकू नका.

दुसरी पायरी: मुक्काम, आणि त्याच वेळी जेवणाचं बोलणं

या गावांत राहायला मुख्यतः दोन सोयी आहेत. मिन्शुकु म्हणजे कुटुंबानं चालवलेलं घर. रयोकान त्याहून थाटाचं आणि महाग. दोन्हीकडे दर बहुधा माणशी असतो, खोलीमागे नाही. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी त्यातच धरलेली असते. मिन्शुकुला माणशी साधारण १० ते १५ हजार येन धरून चला, एका येनाचे सुमारे ५५ ते ६० पैसे. आकडा मोठा वाटतो, पण गावात संध्याकाळी दुसरं हॉटेल उघडं नसतं, त्यामुळे जेवणासकटच घ्या. त्सुमागो आणि गोकायामात घरं मोजकीच असल्यानं तिथल्या खोल्या आधी पक्क्या करा आणि त्यांच्याभोवती बाकीचा बेत बसवा.

शाकाहारी लोकांनी इथं नीट लक्ष द्यावं. अडचण मांसाची नाही, ते दिसतं तरी. अडचण आहे ती दाशीची. बोनितो नावाचा मासा धुरावून, वाळवून, किसून जे पाणी काढतात तो या स्वयंपाकाचा पाया. मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सची चटणी, अंड्याचा रोल, सगळ्यात तो असतो. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढं सांगितलंत तर मांस वगळतील आणि मासे प्रेमानं वाढतील. त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून बुकिंग करतानाच लिहून कळवा: मांस, मासे, कोळंबी-शिंपले नकोत, माशाची दाशी नको, कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी चालेल, अंडं-दूध चालतं की नाही. जमणार नाही असं कुणी कळवलं तर वाद घालू नका, दुसरं घर शोधा. दारात पोचल्यावर मात्र सांगू नका. जेवण सकाळपासून ठरलेलं असतं आणि आयत्या वेळी बदल करता आला नाही तर घरची बाई ओशाळते.

हेच सगळं जपानी लिपीत छापलेलं एक कार्ड खिशात ठेवा. तोंडी बोलायचं झालं तर ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे मला चालत नाहीत. पुढे ‘काट्सुओ नो दाशी मो दामे देसु’ जोडलं की दाशीचाही प्रश्न निकालात निघतो.

मांसाहारी मंडळींनाही एक सूचना. ताकायामाचं प्रसिद्ध हिदा-ग्यू हे गोमांस आहे. रस्त्यावरचे वाफवलेले बन, तळलेली कटलेटं, पानावर भाजलेलं मिसो, यांतही ते असू शकतं. किसोच्या बाजूला ताटात घोड्याचं कच्चं मांस किंवा गांधीलमाशीच्या अळ्यासुद्धा येतात, आणि तिथे तो पाहुणचार समजला जातो. नको असेल तर तेही आधीच कळवा. इवाना हा नदीतला मासा मात्र सोडू नका. मीठ लावून, काडीला टोचून निखाऱ्याशेजारी तास-तास भाजतात, डोक्यासकट खाता येतो.

घरून मेतकूट, कोरडी चटणी, लाडू न्या. भात सगळीकडे उत्तम असतो आणि पुन्हा पुन्हा वाढतात. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं-भाज्या विमानातून नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात.

तिसरी पायरी: कागदपत्रं, तिकिटं, पैसे, बॅगा

भारतीय पासपोर्टवर व्हिसा निघण्याआधीच काढावा लागतो. पर्यटकांसाठी आता ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हिसा केंद्रामार्फत करायचा.

सगळ्या जपानचा रेल्वे पास या मार्गाला परवडत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत ५० हजार येन झाली, आणि आपला निम्मा प्रवास बसनं आहे. सुटी तिकिटं काढा. शहरात टॅप करायचं कार्ड सोयीचं, पण किसोतल्या लहान स्टेशनांवर ते गृहीत धरू नका, कागदी तिकीट घ्या. गावच्या बसमध्ये बहुधा मागच्या दारानं चढायचं, यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना समोरच्या फलकावर त्या नंबराखाली दिसेल तेवढं भाडं ड्रायव्हरशेजारच्या पेटीत टाकायचं. पेटी जास्तीचे पैसे परत देत नाही. सुट्टे करायचं यंत्र तिथेच असतं, आधी ते वापरा.

मिन्शुकुत बऱ्याचदा रोखच लागते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या आणि पोस्टातल्या एटीएममधून आपल्या कार्डावर येन निघतात, पण ते नागोयात किंवा ताकायामात काढून ठेवा. चार्जरसाठी दोन चपट्या पिनांचं अॅडॅप्टर लागतं.

मोठी बॅग घेऊन दगडी चढण चढायची नाही. टोकियोच्या हॉटेलमध्येच ‘ताक्क्यूबिन’ सांगा. बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येनांत ती थेट कानाझावाच्या हॉटेलवर जाऊन थांबते. फक्त किती दिवस सांभाळतील ते त्या हॉटेलला आधी विचारा. पाठीवर चार दिवसांचे कपडे पुरतात, मिन्शुकुत रात्री अंगावर घालायला युकाता हा सुती झगा देतातच.

दिवस १ आणि २: मागोमे, डोंगर ओलांडून त्सुमागो

शोगुन म्हणवणाऱ्या लष्करी सत्ताधीशांच्या एदो काळात एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारा डोंगरातला हमरस्ता म्हणजे नाकासेंदो. त्यावर ६९ मुक्कामाची गावं होती, त्यांतली ११ किसोच्या खोऱ्यात. दाइम्यो, म्हणजे प्रांतोप्रांतीचे सरदार, लवाजम्यासह जायचे तेही इथूनच. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी लग्न करायला निघाली तीसुद्धा याच वाटेनं.

टोकियोहून शिंकानसेन या बुलेट ट्रेननं नागोया पावणेदोन तासांत. तिथून शिनानो एक्स्प्रेसनं नाकात्सुगावा पाऊण-एक तास, मग बसनं मागोमे अर्धा तास. बस पकडण्याआधी स्टेशनजवळ कुरी-किंतोन घ्या. उकडलेल्या चेस्टनटचा गर आणि साखर, बस, दुसरं काही नाही. कापडात पिळून दिलेला त्याचा आकार बघून आपल्याला पेढाच आठवतो. शरद ऋतूतच मिळतो.

मागोमे चढणीवर वसलेलं आहे. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना वाहतं पाणी, पाणचक्की, आणि वर गेलं की समोर एना डोंगर. गाव १८९५ आणि १९१५ च्या आगींत जळालं होतं, त्यामुळे घरं तेवढी जुनी नाहीत. संध्याकाळी वरच्या टोकापर्यंत एक फेरी मारा.

दुसऱ्या दिवशी चालायचं. मागोमे ते त्सुमागो सुमारे आठ किलोमीटर, आरामात तीन तास. याच दिशेनं चाला. सुरुवातीचे दोनेक किलोमीटर चढ, ८०० मीटरच्या आसपासची खिंड, आणि नंतर बहुतेक उतार. सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्यांना ही वाट किरकोळ वाटेल. साठी ओलांडलेल्या, रोज फिरणाऱ्या माणसालाही झेपते. बुटांना पकड मात्र हवी, जुने दगड ओले असले की पाय घसरतो. वाटेत जागोजागी घंटा टांगल्या आहेत, त्या अस्वलांसाठी. जाता जाता जोरात वाजवा. अलीकडे जपानभर अस्वलांचा वावर वाढला आहे, तेव्हा पहाटे किंवा अंधार पडताना एकट्यानं जंगलात शिरू नये. खिंडीच्या पलीकडे एक जुनं चहाघर लागतं, तिथे गावकरी वाटसरूंना चहा देतात. पैसे मागत नाहीत, पेटीत नाणं टाका. पुढे ओदाकी-मेदाकी हे जोडधबधबे.

पाठीवरची पिशवीही नको असेल तर मागोमेच्या पर्यटन कार्यालयात सकाळी द्या, दुपारी त्सुमागोत मिळते. ही सोय साधारण वसंत ते शरद एवढीच असते. चालणं जमणारच नसेल तर दोन्ही गावांमध्ये बस आहे.

त्सुमागो या मार्गावरचं माझं सर्वांत आवडतं गाव. रेल्वे आणि नवा रस्ता दूर गेल्यावर ते ओस पडत चाललं होतं. १९६८ पासून गावकऱ्यांनी घरं दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ मध्ये आपसांत नियम केला: घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी येत नाहीत, विजेच्या तारा डोळ्यांआड नेल्या आहेत. वाकीहोन्जिन, म्हणजे दुय्यम दर्जाच्या सरदारांचं उतरण्याचं घर, आतून जरूर बघा. आजची वास्तू १८७७ ची, हिनोकी या जपानी सायप्रसच्या लाकडाची. आतल्या चुलखंडात अजून विस्तव असतो आणि हिवाळ्यात खिडकीतून आलेली तिरपी उन्हं त्या धुरात उमटतात.

मिन्शुकुत पाचच्या आत पोचा. उशीर होणार असेल तर फोन करा, कारण जेवण थांबवून ठेवलेलं असतं. बूट दारात, स्लिपर तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांच्या, बाहेर, संडासाचे स्लिपर संडासातच. युकात्याचा डावा पदर उजव्यावर घ्यायचा, उलटा फक्त मृतांना नेसवतात. अंघोळीचं हौद आधी साबणानं स्वच्छ अंग धुऊन मग उतरण्यासाठी आहे. पाणी सगळ्यांचं एकच, तेव्हा बूच काढू नका. सार्वजनिक गरम झऱ्यावरही हेच. कपड्यांशिवाय जायचं, बायका-पुरुष वेगळे. संकोच पाच मिनिटांत जातो. नाहीच गेला तर खासगी अंघोळीची वेळ देणारं घर निवडा.

दिवस ३: जंगलाच्या बाजूनं नाराईला

त्सुमागोहून नागिसो स्टेशन बसनं दहा मिनिटं. गाडीला वेळ असेल तर जवळच १९२२ चा मोमोसुके झुलता पूल आहे, मुख्यतः लाकडी आणि जवळजवळ अडीचशे मीटर लांब. जलविद्युत केंद्राच्या बांधकामासाठी तो बांधला होता. लोकल गाड्या तास-दोन तासांनी येतात, म्हणून वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. एक्स्प्रेस नाराईला थांबत नाही.

वाटेतलं जंगल बघत जा. हिनोकीसह पाच जातींची झाडं तोडायला इथे बंदी होती, आणि ‘एका झाडाला एक मुंडकं’ अशी शिक्षेची म्हण आजही सांगतात. इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, त्याचं लाकूड याच खोऱ्यातलं.

नाराई म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर लांब एकच रस्ता, दोन्ही बाजूंना पुढे झुकलेले वरचे मजले आणि लाकडी जाळ्या. लाखकामाची भांडी आणि लाकडी फण्या इथे घ्या. खायला गोहेइ-मोची: भात कुटून, काडीला थापून, अक्रोड-तीळ-सोयाची चटणी लावून भाजलेला. शाकाहारींना ती बहुतेक ठिकाणी चालते, एकदा विचारून घ्या. सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, खाल्लंत तर चटणीत मासा असतो. बाजूला ठेवून मीठ किंवा नुसता सोया सॉस मागा. हिवाळ्यात सुंकी मिळतं. सलगमाची पानं मिठाशिवाय आंबवलेली, किसोखेरीज सहसा दिसत नाहीत. पहिला घास विचित्र लागतो.

दिवस ४ आणि ५: मात्सुमोतोवरून ताकायामा

नाराईहून शिओजिरीमार्गे मात्सुमोतो तासाभरात. काळा किल्ला बघा, आतले जिने शिडीसारखे उभे आहेत. इथून ताकायामाची बस डोंगर आणि बोगदे ओलांडत हिरायुच्या गरम झऱ्यांवरून सुमारे अडीच तासांत पोचवते. दिवसाला फेऱ्या थोड्या, तेव्हा जागा आधी राखा. नागोयाला परत जाऊन रेल्वेनं ताकायामा गाठायचा सल्ला बरेच जण देतात. त्यात अर्धा दिवस जातो.

ताकायामा मोठं आहे, पर्यटकही भरपूर. पहाटेच निघा. नदीकाठचा आणि ‘जिन्या’ या जुन्या कचेरीच्या दारातला असे दोन सकाळचे बाजार दुपारी बारापर्यंत आटोपतात. जिन्या म्हणजे शोगुनाची कचेरी. १६९२ मध्ये हिदा प्रांत लाकूड आणि खाणींसाठी थेट शोगुनाच्या ताब्यात गेला, त्या कारभाराची जागा. सान्माची भागातल्या ज्या दारावर देवदाराच्या पानांचा गोळा टांगलेला दिसेल ती साके या तांदळाच्या दारूची भट्टी. इथले दांगो, म्हणजे काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, गोड नसतात, फक्त सोया सॉस लावून भाजतात, शाकाहारींना बिनधास्त चालण्यासारखे.

दुपारी गर्दीचा कंटाळा आला तर पंधरा मिनिटांवरचं हिदा-फुरुकावा. पाटाच्या पाण्यात रंगीत कार्प मासे, पांढऱ्या भिंतींची कोठारं, आणि माणसं कमी.

दिवस ६: शिराकावा-गोत दुपार, गोकायामात रात्र

ताकायामाहून शिराकावा-गो बसनं ५० मिनिटं. काही बसना आरक्षण लागतं, काहींना नाही, तिकीट काढताना नीट बघा. ओगिमाची हे तिथलं मुख्य गाव आणि गोकायामातली आइनोकुरा व सुगानुमा, अशा तिघांना १९९५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी साठ अंशांच्या आसपास उतरती छपरं बर्फ टिकू नये म्हणून आहेत. माळ्यावर रेशमाचे किडे पाळत, आणि जमिनीखाली बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करत. ‘वादा’ या जुन्या घराच्या माळ्यावर चढून छपराची बांधणी बघा: खिळा नाही, सगळं दोरानं आणि झाडाच्या लवचीक कोवळ्या फांद्यांनी बांधलेलं. छप्पर तीस-चाळीस वर्षांनी बदलतं, आणि गावानं मिळून बदलायचं ही जुनी पद्धत. घरांत माणसं राहतात, अंगणात शिरू नका. आगीची भीती सतत असते, सिगारेट ठरलेल्या जागीच.

अकरा ते तीन इथे पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मुक्काम इथे करू नका, ताकाओकाकडे जाणाऱ्या बसनं पुढे आइनोकुराला जा. वीसेक घरांचं गाव, भातखाचरं, वर राखलेलं रान. फेऱ्या दिवसाला मोजक्याच असल्यानं पुढची आणि उद्या सकाळची, दोन्ही वेळा लिहून ठेवा. गोकायामाचं तोफू इतकं घट्ट की दोरीनं बांधून नेता येतं. काही घरांत जेवणानंतर कोकिरिको हे जुनं लोकगीत गाऊन दाखवतात, त्यात १०८ लाकडी पट्ट्यांचं सासारा नावाचं वाद्य वाजवतात.

दिवस ७ आणि ८: कानाझावा आणि परत

आइनोकुराच्या थांब्यावरून शिन-ताकाओका स्टेशन तासाभराचं, तिथून शिंकानसेननं कानाझावा पंधरा मिनिटांत. बॅग हॉटेलवर आलेली असेल. केनरोकुएन ही जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. दुसरी ओकायामाची कोराकुएन, जिच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान केलंय. पुणेकरांनी तुलना करून बघावी.

टोकियोला परतीचं तिकीट काढताना कागायाकी ही वेगवान शिंकानसेन घेतलीत तर सगळ्या जागा आरक्षित असतात, वेळ अडीच तास. हाकुताका थोडी हळू, पण तिच्यात बिनआरक्षित डबे आहेत. रविवारी संध्याकाळी तेही भरलेले असतात, म्हणून शक्यतो सकाळची गाडी धरा.